चाळिशी

रविवार, रात्री साडेअकरा

ती अक्षरं मला दिसली नाहीत. झालं ते एवढंच. त्यावर लिहायला बसावं इतकी मोठी गोष्ट नाही हे मलाही कळतं, पण दिवसभर ती कुसळासारखी सलते आहे.

सकाळी संगणकाचं कॅबिनेट उघडलं, धूळ काढायला. पंख्याची पाती बोटाने धरून ब्रश फिरवला, जाळीवरचा थर पुसला, झाकण लावलं, बटण दाबलं. ढिम्म. परत उघडलं. साफसफाईच्या भरात बटणाची वायर उपटली गेली होती. मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या पाटीच्या, खालच्या कोपऱ्यात दोन ओळींत नऊ सुया असतात, त्यातल्या नेमक्या दोन सुयांवर ती बसवायची. कुठल्या दोन, ते शेजारी छापलेलं असतं: ‘पीडब्ल्यूआर’, म्हणजे पॉवर. टॉर्च दातांत धरला, वाकलो, आणि तिथे नुसती पांढरी भुकटी सांडल्यासारखं काहीतरी. जवळ गेलो तर अजून धूसर. मागे सरकलो तर धूसरपणा कमी झाला, पण अक्षरं मुंगीएवढी.

सई पाणी प्यायला आली होती. खांद्यावरून डोकावून म्हणाली, "बाबा, पीडब्ल्यूआर इथे आहे की. एवढं मोठ्ठं लिहिलंय." आणि गेली.

मोठ्ठं.

दोन महिने जो घोळ चाललाय, त्यावर या एका शब्दाने पाणी ओतलं. नवा संगणक सुटे भाग आणून असेंबल करायचा की तयार घ्यायचा? वहीची सहा पानं भरली आहेत. प्रोसेसर खोडून दुसरा, त्याला चालणारा बोर्ड, मग बोर्ड बदलला म्हणून रॅम बदललेली, सगळ्याला पुरेल एवढी वीज देणारा एसएमपीएस. काही ना काही ठरवायला हवंच. हा संगणक 2016 चा, प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीतला. विंडोज 11 त्याला दारातही उभं करत नाही, आणि विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. वर्षभराची मुदतवाढ घेतली आहे, तीही ऑक्टोबर 2026 पर्यंतच. संगणक बिचारा ठणठणीत आहे. त्याला निवृत्त करताहेत ते वयामुळे.

(हे वाक्य लिहिताना मला हसू आलं नाही.)

तर, कालपर्यंत माझं पक्कं होतं. असेंबल. अनूने तीनदा सांगून झालं, "घेऊन टाक ना तयार, मिटव एकदाचं." मी तीनदा तिला समजावून झालं की तयार संगणकात काय काय मारलेलं असतं. आणि आज दुपारी जेवण झाल्यावर मी गुपचूप काय बघत होतो? तयार संच. शिवाय मनात एकाहून एक सरस मुद्दे आपोआप येत होते. एकच वॉरंटी, एकच फोन. स्वतः जोडला आणि चालू झाला नाही, तर रॅमवाला म्हणणार बोर्ड तपासा, बोर्डवाला म्हणणार एसएमपीएस बदलून बघा, आणि बदलून बघायला घरात दुसरा एसएमपीएस असतो कोणाकडे? दोष कुठल्या भागात आहे हे शोधायचं काम फुकट आपल्या गळ्यात. तयार संचात ते त्यांच्या गळ्यात. किती समंजस विचार!

एवढ्या समंजसपणाचाच मला संशय येतोय. हे सगळं मला कालही ठाऊक होतं. कालपासून आजपर्यंत जगात बदललं ते इतकंच, की मला नऊ सुयांशेजारची अक्षरं वाचता आली नाहीत.

मग हे शहाणपण की भीती? भीती असेल तर ती शहाणपणाचे कपडे घालून का येते? सरळ येऊन सांगावं, घाबरलास. मी मानलं असतं. कदाचित.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहितो. तयार संचात दर्शनी आकडे झकास असतात, काटकसर दिसत नाही तिथे केलेली असते. रॅमच्या दोन पट्ट्यांऐवजी पुष्कळदा एकच पट्टी. आकडा तेवढाच, पण प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता अर्धाच रुंद. एसएमपीएस कोणाचा, हे माहितीपत्रकात शोधून सापडत नाही. आणि मला सगळ्यात खुपते ती गोष्ट म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच संचांत बोर्ड त्यांच्याच मापाचा, एसएमपीएसचा जोडही त्यांचाच. 1995 पासून एटीएक्स नावाचं सरळ माप आहे, कोणाचाही बोर्ड कोणाच्याही कॅबिनेटमध्ये बसावा म्हणून काढलेलं. ते सोडून यांची वेगळी चूल. चार वर्षांनी एसएमपीएस गेला की बाजारातला कुठलाही बसत नाही.

आता हेही मला कालच ठाऊक होतं. म्हणजे मुद्द्यांवर काही अडलेलं नाहीये.

अडलंय ते सॉकेटवर, बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेवर. 2016 मध्ये इंटेलचं 1151 सुयांचं सॉकेट होतं, खाच बघून प्रोसेसर अलगद ठेवला आणि खटका दाबला. तो खटका इतका कुरकुरतो, की काहीतरी मोडलंच असं वाटतं. तेव्हा सोबत असलेल्या मिलिंदने टेबलाची कड घट्ट धरली होती. असो. आता बघतोय त्या एएमडी कंपनीच्या एएम5 सॉकेटमध्ये 1718. आधीच्या एएम4 प्रोसेसरच्या पोटालाच सुया असायच्या, एखादी वाकली तर पत्त्यासारख्या कडक कार्डाची कड ओळीतून फिरवून सरळ करता यायची. 2022 मध्ये एएमडीनेही सुया बोर्डावर नेल्या. केसाएवढ्या, स्प्रिंगसारख्या, आडव्या पहुडलेल्या. त्यातली एखादी हुकली तर? मला ती दिसणार तरी आहे का? की सईला हाक मारायची, बघ गं बाळा, हजार सातशे अठरांतली कुठली वाकडी आहे?

या विचाराने दुपारी जो बसलो तो चहा गार होईपर्यंत बसलो. आता काय, हळूहळू सगळंच दुसऱ्याने वाचून दाखवायचं. औषधांवरची तारीख, मग पत्रं. किती भराभर म्हातारा झालो मी दुपारी तीन ते साडेतीनच्या दरम्यान!

मधला मार्ग आहे म्हणे. भाग आपण निवडायचे आणि दुकानदाराकडून जोडून घ्यायचे. चांगला मार्ग आहे, कोणी विचारलं तर मी हाच सुचवेन. स्वतःसाठी मात्र तो कोडं विकत घेऊन सोडवायला दुसऱ्याला देण्यासारखा वाटतो.

ही कटकट जुनी आहे हाच काय तो दिलासा. 1975 च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 झळकला, तोही दोन्ही तऱ्हांनी मिळायचा: सुटे भाग घेऊन स्वतः सोल्डरिंग करत बसा, नाहीतर जास्तीचे मोजून जोडलेला घ्या. सोल्डरिंग! म्हणजे माझ्यासारखे तेव्हाही टेबलावर वाकून डोळे बारीक करत असणार. पुढच्या वर्षीचा ॲपल-1 तर गमतीदारच. बोर्ड तयार, पण कीबोर्ड, वीजपुरवठा आणि खोकं तुमचं तुम्ही बघा.

संध्याकाळी पुन्हा त्या उघड्या कॅबिनेटपाशी गेलो आणि हळूहळू एक एक आठवायला लागलं. 2016 मध्ये डोळे कसे होते? गरुडाचे. आणि त्या डोळ्यांनी मी काय दिवे लावले? बोर्ड सगळ्या स्क्रूंनी पक्का आवळला, पंखा बसवला, वायरी नीट बांधल्या, आणि मग टेबलावर ती मागची पत्र्याची चौकट दिसली. ती बोर्डाच्या आधी बसवायची असते. सगळं परत बाहेर. आणि यावर कडी म्हणजे नवं कोरं ग्राफिक्स कार्ड घालून मॉनिटरची वायर त्याला लावायची सोडून मदरबोर्डच्या पोर्टात खुपसली. अकरा दिवस. अकरा दिवस मी येईल त्याला सांगत होतो, बघ, केवढा फरक पडलाय! कार्ड आत नुसतं बसून होतं. मिलिंदला कळलं तेव्हा तो खुर्चीवरून खाली बसला होता हसताना.

म्हणजे दिसत होतं तेव्हाही मी हेच केलं असतं. हेच केलंही. हे आठवून बरं का वाटावं ते कळत नाही, पण वाटलं.

आणि खरं बघता जोडकामात डोळ्यांचं काम थोडंच. रॅमची खाच मधोमध नसते, उलटी पट्टी बसतच नाही. 24 सुयांचा प्लग एकाच बाजूने शिरतो. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो. माझ्यासारख्यांचा विचार करूनच सगळं घडवलंय. फक्त त्या नऊ सुयांशी आल्यावर सगळ्यांची बुद्धी संपली. सगळ्यात बारीक प्लग, सगळ्यात बारीक अक्षरं, आणि जागा सगळ्यात अंधारी. हे ज्याने ठरवलं तो पंचविशीतला असणार.

वहीत सातवं पान उघडलं. काचेचं कॅबिनेट खोडलं, ती हौस सईची. पहिल्या ओळीत, प्रोसेसरच्याही वर लिहिलं: चष्मा. त्याखाली स्वतःसाठी एक सूचना, की डीडीआर5 ही नव्या पिढीची रॅम पहिल्या वेळी स्वतःची जुळणी करत बसते, पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, तेवढ्यात घाबरून वायर उपटू नये. म्हणजे ठरलं का? अनूने विचारलं तेव्हा मी "बघू" म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःची चाळिशी काढून माझ्या हातात दिली.

नाकावर चढवली. सगळी अक्षरं एकदम समोर आली, इतकी ठसठशीत की रागच आला. पीडब्ल्यूआर. खरंच मोठ्ठं आहे.

वायर बसवली. त्या नादात शेजारच्या दोन-तीन निघाल्या, त्याही बसवल्या. बटण दाबलं, पंखा फिरला, संगणक सुरू झाला. हे त्याच्यावरच लिहितोय. कॅबिनेटच्या समोरचा छोटा निळा दिवा मात्र पेटलेला नाही. त्याची वायर उलटी बसली असणार. बटणाला उलटसुलट चालतं, दिव्याला नाही.

चष्मा अनूने परत नेलाय.