उत्तरे जुळवताना

पेपर सुटल्यावर परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर जमणारी गर्दी मी एरवी कटाक्षाने टाळतो. पण २०२४ च्या २२ डिसेंबरला, रविवारच्या दिवशी, भाचीला सोडण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आले आणि अखिल भारतीय बार परीक्षा, म्हणजे वकिलीची सनद (परवाना) पक्की करणारी परीक्षा, देऊन बाहेर पडणाऱ्या पुण्यातल्या भावी वकिलांच्या घोळक्यात मी सापडलो. प्रत्येकाच्या पाठीवर निदान आठ-दहा कायद्यांचे ओझे होते. या परीक्षेला बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे निव्वळ कलमांची पुस्तके, आत नेता येतात. मात्र त्यांत हाताने काही लिहिलेले चालत नाही. त्यामुळे दुपारी आत जाण्यापूर्वी एक मुलगा फूटपाथच्या कडेला बसून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी खोडत होता. खोडरबराचा काळपट चुरा त्याच्या पँटवर सांडत होता आणि खोडण्याआधी तो प्रत्येक नोंद ओठ हलवत एकदा वाचून घेत होता.

पुस्तक जवळ ठेवून द्यायची परीक्षा म्हटले की बाहेरच्यांना ती हास्यास्पद वाटते. आमच्या ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, तर तो सरळसरळ फसवणुकीचाच प्रकार वाटतो. शंभर प्रश्न, तीन-साडेतीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापणे नाही, आणि खुल्या गटाला उत्तीर्ण व्हायला पंचेचाळीस टक्के. यात अवघड ते काय? पण हिशेब केला तर एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटे येतात, आणि ज्याला कलम कुठे आहे हे ठाऊक नाही त्याला पुस्तक उघडूनही ते तेवढ्यात सापडत नाही. ज्याला ठाऊक आहे, त्याला पुस्तक उघडण्याची गरज नसते, पण शेजारचा उघडतो म्हणून तोही उघडतो आणि वेळ घालवतो. शिवाय त्या वर्षी एक निराळीच पंचाईत होती. १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंड संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा फौजदारी प्रक्रिया संहितेसह निवृत्त झाले होते आणि नव्या संहितांनी सगळे आकडे हलवले होते. वर्तमानपत्र वाचणाऱ्या शाळकरी पोरालाही खुनाचे म्हणून जे ३०२ पाठ होते, ते आता १०३ झाले होते.

चहाच्या टपरीपाशी दोघांचे त्यावरूनच जुंपले होते. फौजदारी प्रक्रिया संहितेतले हायकोर्टाचे अंगभूत अधिकार (इन्हेरंट पॉवर्स) आणि अटकपूर्व जामीन (अँटिसिपेटरी बेल) यांच्या कलमांचा तो वाद होता.

“४८२ म्हणजे हायकोर्टाच्या इन्हेरंट पॉवर्स. पाच वर्षं तेच घोकलंय मी.”

“ते जुन्यात. नव्यात ४८२ म्हणजे अँटिसिपेटरी बेल. इन्हेरंट पॉवर्स ५२८ ला गेल्या.”

“मग प्रश्नात जुनं की नवं ते लिहायला नको? पक्षकाराला असा संदिग्ध प्रश्न विचारला तर कोर्ट चालवून घेईल का?”

प्रश्नात नेमके काय विचारले होते, हे मला शेवटपर्यंत समजले नाही. पण पहिल्या मुलाने चहाचा ग्लास खाली ठेवला, पिशवीतून नवी संहिता काढली, कलम उघडले, आपले उत्तर चुकल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेतली आणि त्यानंतर दुप्पट आवाजात आपली बाजू मांडायला सुरुवात केली. हे मला फार नवे होते.

आमच्या घरी उत्तरे जुळवण्याची पद्धत अगदी वेगळी होती. दहावीच्या परीक्षेत पेपर देऊन आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन प्रश्नपत्रिका वडिलांसमोर ठेवावी लागे. ते लाल-निळी पेन्सिल घेऊन बसत. मी तोंडी उत्तर सांगायचे, त्यांनी निळी किंवा लाल खूण करायची आणि शेवटी प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे गुणांची बेरीज मांडायची. शंका आली तर समोरच्या बिऱ्हाडातल्या हुशार मुलाला हाक मारली जाई. तो यायचा, उंबऱ्यातच उभा राहून प्रमेयाचे उत्तर सांगायचा, आणि त्याचे उत्तर माझ्याशी जुळले नाही की माझे चुकले, इतका तो साधा न्याय होता. त्याचेही चुकू शकते, किंवा प्रश्नच चुकीचा छापला गेला असेल, असा विचार आमच्या त्या दोन खोल्यांत कधी शिरला नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “झालं ते झालं, उद्याच्या पेपरचं बघा आता.” वडील बेरीज पुन्हा एकदा तपासायचे. निकालाच्या दिवशी त्यांची बेरीज आणि बोर्डाची बेरीज यांत फारसा फरक पडला नाही, आणि त्याचाच आनंद त्यांना माझ्या गुणांपेक्षा अधिक झाला होता, असा माझा अजूनही समज आहे. फाटकाबाहेरच्या गर्दीची मला जी धास्ती वाटते तिचे मूळ तिथे असावे. मिळालेली शिक्षा त्याच संध्याकाळी पुन्हा वाचून घ्यायची हौस मला नाही.

या मुलांचे तसे नव्हते. त्यांच्या दृष्टीने उत्तर चुकले म्हणून काहीच संपत नव्हते; खटला तिथून सुरू होत होता. प्रश्न संदिग्ध आहे, दोन पर्याय बरोबर आहेत, भाषांतर मूळ इंग्रजीशी जुळत नाही, असे एकेक मुद्दे निघत होते. एकाने तर परीक्षेच्या वैधतेलाच हात घातला. ही परीक्षा बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेने, २०१० साली आणली. त्याआधी पदवी मिळाली की सनद मिळत असे. म्हणून जुने वकील हिच्याकडे मिस्कीलपणे बघतात, आणि बरोबरच बघतात. पण हा मुद्दा दुसऱ्याने तिथल्या तिथे निकालात काढला. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने परीक्षा घेण्याचा कौन्सिलचा अधिकार मान्य केला आहे, हे त्याने अशा थाटात सांगितले, की टपरीवाल्यानेही मान डोलावली. प्रश्नांच्या बाबतीत मात्र त्यांच्या हाती खरा दाखला होता. २०२३ च्या डिसेंबरातल्या परीक्षेतले सात प्रश्न नंतर रद्द करावे लागले होते आणि निकाल ९३ प्रश्नांवर लागला होता. चुकलेल्या उत्तराला वकील मिळाला तर ते सुटू शकते, हे या मुलांना पक्के ठाऊक होते.

वाद न घालणारी एकच व्यक्ती मला तिथे दिसली. चाळिशीच्या आसपासच्या एक बाई बाकड्यावर बसून पुस्तके कापडी पिशवीत आकाराप्रमाणे लावत होत्या. स्वारगेटला कोणती बस जाते, हे त्यांनी मला विचारले, त्यावरून थोडे बोलणे झाले. तालुक्याच्या कोर्टात त्या एका ज्येष्ठ वकिलांकडे काम करत होत्या. सनद तात्पुरती होती, तिची दोन वर्षांची मुदत सरत आली होती, आणि तेवढ्यात ही परीक्षा सुटली नाही तर वकिली थांबणार होती. पेपर कसा होता, असे मी सवयीने विचारून बसलो. “साहेबांना चांगला गेला म्हणूनच सांगणार,” त्या म्हणाल्या. “सकाळी ऑफिस मलाच उघडायचंय.”

भाची सर्वांत शेवटी बाहेर आली. “मामा, पेपरबद्दल काही विचारायचं नाही,” एवढे बोलून ती स्कूटरवर मागे बसली. वाटेत ताईचा फोन आला, त्याला “बरा गेला” हे सनातन उत्तर मिळाले, आणि हिला आपल्या आजोबांची पेन्सिल कधी दिसली नाही याचे मला बरे वाटले.

पुढे तात्पुरती उत्तरसूची आली आणि तिच्यावर आक्षेप नोंदवण्याची मुदत सुरू झाली, तेव्हा मी ताईकडेच होतो. भाची जेवण सोडून लॅपटॉपवर आक्षेपाचा मसुदा करत बसली होती. कलम, त्याचे स्पष्टीकरण, त्यावरचा निवाडा, आणि शेवटी प्रश्न रद्द करण्याची नम्र विनंती. मसुदा वाचायला दिला तेव्हा मी विचारले, “तुझं काय चुकलं होतं यात?”

“माझं बरोबर आहे. मैत्रिणीचं चुकलंय. तिला असं लिहायला जमत नाही.”

“पण प्रश्न रद्द झाला तर तुझाच एक गुण जाईल ना?”

“जाईल,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या परिच्छेदातले एक वाक्य ठीक वाटते का, ते मला पुन्हा वाचायला सांगितले. वाक्य ठीक होते. फक्त एक स्वल्पविराम जास्त होता.