एस्प्लनेड ते श्यामबाजार, ट्रामने

कोलकात्यात श्यामबाजारची पाच नंबरची ट्राम एस्प्लनेडला उभीच होती. पुढच्या डब्यात खिडकीपाशी जागा मिळाली. ड्रायव्हरने पायाने घंटा ठणठणवली, छपरावरच्या दांड्यापाशी ठिणगी उडाली आणि गाडी लेनिन सरणीच्या गर्दीत शिरली. या रस्त्याला लोक अजून धर्मतलाच म्हणतात.

कोलकात्याच्या ट्रामला वीज मिळायला जवळजवळ तीस वर्षं लागली. त्या काळात हाल झाले ते घोड्यांचे. 24 फेब्रुवारी 1873 ला सियालदाहून आर्मेनियन घाटाकडे पहिली घोड्यांची ट्राम निघाली. उतारूच मिळेनात, म्हणून नोव्हेंबरात ती बंद पडली. 1880 मध्ये लंडनला कलकत्ता ट्रामवेज कंपनी नोंदवली गेली आणि पुन्हा घोडे जुंपले गेले. शतक संपेपर्यंत कंपनीकडे 166 डबे, 19 मैल रूळ आणि सुमारे हजार घोडे होते. बंगालच्या उन्हाळ्यात उतारूंनी भरलेला डबा ओढायचा म्हणजे काय, याचा विचार करूनच जीव कासावीस होतो. 1882 मध्ये वाफेची इंजिनंही लावून पाहिली, पण घोडे काही सुटले नाहीत.

ते सुटले विजेमुळे. 1900 पासून तारा ओढायचं काम सुरू झालं, जुने मीटरगेज रूळ काढून रुंद रूळ घातले गेले. 27 मार्च 1902 ला एस्प्लनेडहून खिदिरपूरला पहिली विजेची ट्राम धावली, जूनमध्ये कालीघाटची. मद्रासने हे 1895 मध्येच करून दाखवलं होतं. आपल्या मुंबईला 7 मे 1907 उजाडावा लागला. कालीघाटची लाइन लगेच पुढच्या वर्षी टॉलीगंजपर्यंत वाढली आणि दक्षिणेकडे राहून रोज शहरात कामाला येणं साध्या माणसाच्या आवाक्यात आलं. 1905 पर्यंत सगळं जाळं विजेवर होतं. हावड्याची ट्राम मात्र नदीपलीकडे एकटीच राहिली, कारण जुना तरंगता पूल तिचा भार पेलणारा नव्हता. नवा पूल 1943 मध्ये झाला आणि त्यावरून पहिलं वाहन गेलं ते ट्रामच.

कॉलेज स्ट्रीटला पुस्तकांची दुकानं इतकी जवळून सरकतात की पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचावीत. पुढे बिधान सरणी, हातीबागान. मोटारी रुळांवर आडव्या येतात, ट्राम थांबते आणि दोष मात्र ट्रामला लागतो. मला हा अन्याय वाटतो. धूर न सोडता इतकी माणसं नेणारं वाहन वाटेतली अडचण कसं ठरतं? मुंबईने 31 मार्च 1964 ला आपली शेवटची ट्राम चालवली. आज दादर टीटीला रुळांचा मागमूस नाही.

2024 मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड-मैदान एवढाच वारशाचा मार्ग ठेवून बाकी बंद करायचं जाहीर केलं. तेव्हा जाणार असाल तर आधी कुठली लाइन चालू आहे ते विचारून घ्या, आणि एस्प्लनेडलाच जुन्या डब्यात मांडलेलं ‘स्मरणिका’ हे छोटं संग्रहालय चुकवू नका.