टपालपेटीवरचं नाव

उदगीरला आमच्या घरी पत्र यायला पूर्ण पत्ता लागत नाही. पाकिटावर अण्णांचं नाव आणि गल्ली असली की पोस्टमनकाका दारात येऊन हाक मारतात. कुणी नसलं तर शेजारी देऊन जातात. 2023 च्या ऑक्टोबरात मी नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला आले, ती हाच भरवसा मनात घेऊन.

सुरुवातीची कामं सरळ झाली. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत सरकारी कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचा दाखला एवढ्यावर भागलं. 11 आकडी करक्रमांक घरी टपालानं येईल, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्यात, आरोग्यविम्याचं कार्ड तिसऱ्यात, सगळंच टपालानं.

तीन आठवडे गेले. रोज संध्याकाळी पेटी उघडायची, तर आत नुसती जाहिरातींची पानं. तेवढ्यात हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागं गेली आणि घरच्या वेळेशी असलेलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर गेलं. मी कामावरून सुटायची तेव्हा आई झोपायच्या तयारीत असायची. करक्रमांक नाही म्हणून पहिल्या पगारातून कर सगळ्यात चढ्या वर्गानं कापला गेला. तो पुढं परत मिळाला, पण त्या महिन्यात घरभाडं देताना जीव मेटाकुटीला आला.

शेवटी बँकेत फोन लावला. पत्र परत आलंय म्हणाले, त्या पत्त्यावर या नावाचं कुणी राहत नाही. ऐकून पोटात खड्डा पडला. इथं पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर लिहीत नाहीत. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो आणि पत्र टाकतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं.

“कामून? त्याला कुणाला इचारता येत नाही का?” आई म्हणाली. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेटीपाशी उभी होते, तर खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या. माझी जर्मन तोडकीमोडकी. मी पेटीवरच्या नावावर बोट ठेवलं आणि मान हलवली. त्या घरात गेल्या, पांढरी चिकटपट्टी नि काळा पेन घेऊन आल्या. पासपोर्ट उघडून माझं आडनाव एकेक अक्षर बघत लिहिलं, पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. मग दारावरच्या बेललाही लावली.

म्हणून जर्मनीला येणाऱ्या आपल्या पोरापोरींना कळकळीनं सांगते, किल्ली हातात पडली त्याच दिवशी पेटीवर नि बेलवर नाव लावा. गादी दोन दिवसांनी घेतली तरी चालेल.

पुढच्याच आठवड्यात माझ्या दाराला एक छोटी पाटी लटकलेली दिसली. नोटीस असेल म्हणून घाबरले. आजींनी समजावलं, ती केरवोखेची पाटी. या भागात बऱ्याच इमारतींत जिना झाडायच्या पाळ्या असतात, पाटी ज्याच्या दारावर त्याचा आठवडा. घरी रोज अंगण झाडून सडा टाकणारी मी. शनिवारी सकाळी जिना झाडून पुसूनही काढला. किती दिवसांनी हाताला ओळखीचं काम मिळालं होतं!

करक्रमांक मी परत मागवला होता. तो फोनवर सांगत नाहीत, टपालानंच येतो. पाकीट आलं त्या दिवशी मी जिन्यातच बसून ते उघडलं.

नंतर घरमालकानं छापील नावाची पट्टी पाठवली. ती मी आजींच्या पट्टीच्या खाली लावली.