तेविसावी गोटी

फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या आमच्या लॉजचा, म्हणजे शाखेचा, सचिव म्हणून माझं काम बहुतेक वह्यांचं. हजेरी, इतिवृत्त, वर्गणी. त्या संध्याकाळी मात्र एका उमेदवाराला सदस्य करून घ्यायचं की नाही यावर गोट्या टाकून गुप्त मतदान झालं. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे विरोध. मतपेटीचा कप्पा ओढला आणि सभागृह चिडीचूप झालं. पांढऱ्या गोट्यांत एक काळी होती.

आमच्याकडे एक काळी म्हणजे नकार. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजच्या, म्हणजे लॉजांच्या शिखर संस्थेच्या, नियमाने तीन काळ्या पडल्या तर प्रवेश नाकारतात, पण उपनियम करून लॉजला ती मर्यादा दोनवर किंवा एकवर आणता येते. आमच्या जुन्या बंधूंनी एकच ठेवली. फ्रीमेसनांच्या १७२३च्या नियमावलीत तर हजर असलेल्या सगळ्यांचीच संमती मागितली आहे. नकोसा माणूस लादला तर सलोखा बिघडेल, हे त्यामागचं कारण. मला ते पटतं. ज्याच्या शेजारी वर्षानुवर्षं बसायचं, त्याच्याबद्दल मनात अढी नको.

उमेदवाराचं नाव सुचवणारे सूचक माझ्या समोरच बसले होते. मान खाली, बोटातली अंगठी गोल गोल फिरवत. मागून कुणीतरी ‘पण कुणी...’ म्हणायला लागलं आणि लॉजच्या प्रमुखांनी, मास्टरांनी, नुसता हात वर केला. काळी कुणी टाकली हे विचारायचं नाही, टाकणाऱ्यानं सांगायचंही नाही. हात पेटीच्या आत गेल्यावर बोटांत काय आहे ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मी सवयीनं गोट्या मोजल्या. तेवीस. हजेरीत सह्या बावीस. पुन्हा मोजल्या, तेवीसच.

मतदानाआधी कप्पा रिकामा असल्याचं दोन्ही वॉर्डनना, म्हणजे मास्टरांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना, दाखवलं होतं. मग ही आली कुठून? मी पेटीच्या घशात बोट घातलं. आतली बनात, लोकरी कापडाचं अस्तर, एका कडेनं सुटली होती आणि तिच्या घडीत गोटीएवढा गोल खळगा पडला होता. मागच्या कुठल्या तरी मतदानातली गोटी तिथे अडकून बसली असणार आणि आज हातांच्या धक्क्यानं खाली आली असणार.

पण ती काळी की पांढरी? मूळ संचात किती गोट्या होत्या याची नोंदच नव्हती. ती ठेवायला हवी होती मीच. उमेदवाराचं नशीब माझ्या एका न लिहिलेल्या आकड्यावर लोंबकळत होतं, आणि मला घाम फुटला.

मास्टरांनी मतदान रद्द केलं. बनात काढून टाकली, पेटी सगळ्यांसमोर उलटी करून हलवली आणि नव्यानं फेरी झाली. बावीस गोट्या, सगळ्या पांढऱ्या.

मी पेटीला कुलूप लावत असताना सूचक जवळ आले. हळूच म्हणाले, “पहिल्या वेळची काळी पेटीतलीच होती ना?”

“माहीत नाही,” मी म्हटलं, आणि वहीत संचातल्या गोट्यांचा आकडा लिहायला बसलो.