तटस्थ माणूस

डोळे मिटून, तोंड बंद ठेवून, जागचं न हलता करायची गोष्ट करायला मुद्दाम घराबाहेर पडून चार लोकांत जायचं, हे तसं बघितलं तर हसण्यासारखंच आहे. ध्यानाला लागतो श्वास, आणि तो घरीही चालूच असतो. तरी ठरलेल्या संध्याकाळी आम्ही काही माणसं एका खोलीत जमतो, तासभर एकमेकांकडे न बघता बसतो आणि उठून आपापल्या वाटेनं जातो. याला आम्ही सामूहिक साधना म्हणतो.

घरी बसलं की फोनला नेमका तेव्हाच कंठ फुटतो. फोन बंद ठेवला, तर कपाटाचं अर्धवट उघडं दार डोळे मिटल्यावरही दिसत राहतं, आणि ते लावायला उठलेला माणूस परत बसत नाही. इथे मधेच उठायची लाज वाटते. डावा पाय मुंग्यांनी भरून जातो, पाठ कुरकुरते, पण शेजारची व्यक्ती हलत नाही म्हणून आपणही हलत नाही. शेजारचीही आपल्यामुळेच हलत नसणार, हे बऱ्याच उशिरा लक्षात येतं. साधनेच्या प्रगतीत लाजेचा वाटा किती, यावर कुणी प्रवचन देत नाही. माझ्या बाबतीत तो भरपूर आहे.

अशा गटात माणसांची ओळख उलट्या क्रमानं होते. आधी चपला. दाराबाहेरच्या रांगेकडे बघून आत कोण कोण आलंय ते कळतं: टाचा एका बाजूनं झिजलेले बूट, अंगठा तुटून दोऱ्यानं शिवलेली चप्पल, आणि कायम भिंतीला समांतर, एकमेकांना चिकटवून ठेवलेली ती काळ्या बुटांची एक जोडी. मग पाठी. मागच्या रांगेत बसणाऱ्याला पुढच्यांच्या पाठी तोंडपाठ होतात; कोण विसाव्या मिनिटाला खचतं, कोण घंटेच्या आधी एक दीर्घ श्वास घेतं. त्यानंतर आवाज. नावं सगळ्यांत शेवटी, आणि तीही सगळ्यांची कळतातच असं नाही.

खोकला हा तर आमच्यातला मोठा विषय आहे. एकानं दाबून धरलेला खोकला सुटला की तो खोलीभर फिरतो. तिथून इथून घसे साफ होतात, कुणी तरी या गडबडीत पाय बदलून घेतं. अशा वेळी मला राजा अजातशत्रू आठवतो. दीघनिकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात त्याची गोष्ट आहे. पौर्णिमेच्या रात्री तो हत्तीवर बसून, मशाली घेऊन, जीवक वैद्याच्या आंबराईत बुद्धाला भेटायला निघतो. आंबराई जवळ येते आणि राजाच्या अंगावर काटा उभा राहतो. तो जीवकाला विचारतो, "तू मला फसवून शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना? इथे १२५० भिक्षू आहेत म्हणतोस, मग शिंकेचा, खोकल्याचा आवाज कसा नाही?" जीवक म्हणतो, "घाबरू नका महाराज, पुढे चला, ते बघा मंडपात दिवे जळताहेत." बापाला मारून गादीवर आलेला हा माणूस. त्याला दगाफटक्याची भाषा समजत होती. इतकी माणसं एकत्र असून खुट्ट होत नाही, हे समजत नव्हतं. आमच्याकडे आला असता तर त्याला मुळीच भीती वाटली नसती.

पण मला सांगायचंय ते मैत्री भावनेबद्दल. आमच्याकडे कधी आनापान असतं, म्हणजे नुसतं श्वासाकडे बघणं, आणि कधी मैत्री भावना. पाचव्या शतकात बुद्धघोष या टीकाकार भिक्षूनं 'विसुद्धिमग्ग' या साधनेवरच्या पाली ग्रंथात हिचा क्रम सविस्तर लावून दिला आहे: सुरुवात स्वतःपासून, मग आदरणीय आणि जिवलग माणसं, मग तटस्थ, आणि त्यानंतर ज्याच्याशी वैर आहे तो. प्रत्येकाला मनासमोर आणायचं आणि त्याचं भलं चिंतायचं. नवखा माणूस शेवटच्या पायरीला घाबरतो. वास्तविक ती सोपी आहे. न आवडणारा माणूस न बोलावता हजर होतो, त्याचा चेहरा, आवाज, शेवटचं वाक्य, सगळं तयार असतं. कस लागतो तो तटस्थाशी. ज्याच्याबद्दल आपल्याला ना प्रेम ना राग, असा माणूस शोधायचा. असे तर सगळ्या जगात भरलेत, पण डोळे मिटून एकाला समोर आणायला जावं तर चेहराच उभा राहत नाही.

म्हणून मी गटातलाच एक घेतला. खिडकीजवळ बसणारा, त्या काळ्या बुटांचा मालक. नाव माहीत नव्हतं, कधी बोलणं नव्हतं. अगदी नमुनेदार तटस्थ. 'तो सुखी होवो, निरोगी होवो' असं मी मनातल्या मनात म्हणत राहिले. पहिल्यांदा हे वाक्य फॉर्म भरल्यासारखं झालं. पुढे पुढे निरोगी म्हणताना वाटायला लागलं, खरंच, याची तब्येत बरी असते का? खुर्चीवर का बसत असेल, खाली का नाही? एकदा ते काळे बूट रांगेत दिसले नाहीत आणि मला चक्क काळजी वाटली. पुढच्या वेळी बूट भिंतीला समांतर जागेवर होते. मी आत जाऊन विचारलं, "मागच्या वेळी आला नाहीत?" ते म्हणाले, "गुडघ्याचं जरा जास्त झालं होतं. तुम्हाला कसं कळलं?" बूट नव्हते, म्हटलं. दोघंही हसलो. मैत्री भावनेच्या दृष्टीनं माणूस गेला वाया! गुडघ्यासकट ओळख झालेल्याला तटस्थ कसं म्हणणार?

त्यानंतर मी दुसरी व्यक्ती धरली, तिचंही तेच झालं. तेव्हा डोक्यात आलं की हे दोन्हीकडून चालू असणार. या खोलीतल्या कुणीतरी मलाही तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसवलेलं असेल. आठवडेच्या आठवडे माझं भलं चिंतलं असेल, निव्वळ मी त्या व्यक्तीच्या खिजगणतीत नव्हते म्हणून. वैरी म्हणून निवड झाली असण्याची शक्यताही आहेच. खिडकी उघडी ठेवण्याच्या बाबतीत माझी मतं ठाम आहेत.

खिडकीचं सांगायलाच हवं. ती उघडी असली की बाहेरचे हॉर्न आत येतात, बंद असली की आतल्यांचा जीव गुदमरतो. यावरून आमच्यात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष अत्यंत मृदू आवाजात भांडतात. ध्यान करणारी माणसं भांडत नाहीत, ही समजूत ध्यान न करणाऱ्यांची. खुद्द बुद्ध हयात असताना कोसंबी नगरातल्या भिक्षूंमध्ये फूट पडली होती. अट्ठकथा, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीका, सांगतात ते कारण असं, की एक भिक्षू शौचालयात भांड्यात पाणी तसंच ठेवून बाहेर आला. विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, हा दोष धरला जात असे. दुसऱ्यानं तो दाखवला, बोलाबोली झाली, शिष्यांनी बाजू घेतल्या, आणि तांब्याभर पाण्यावरून सगळा संघ दुभंगला. बुद्धानं समजावून पाहिलं. भिक्षू त्यालाच म्हणाले, भगवंतांनी यात पडू नये, आमचं आम्ही बघून घेऊ. तेव्हा तो एकटाच तिथून निघून गेला.

वाटेत तो अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन भिक्षूंकडे थांबला. कसं काय चाललंय, असं त्यानं विचारल्यावर ते म्हणाले, दूध आणि पाणी एक व्हावं तसे राहतो. यापुढे त्यांनी सांगितलं ते मला या सुंदर उपमेपेक्षाही आवडतं, कारण ती चक्क कामाची वाटणी आहे. भिक्षेहून जो आधी येईल तो आसनं मांडतो, पाणी ठेवतो. शेवटी येणारा आवरतो आणि झाडतो. प्यायच्या, धुवायच्या किंवा शौचालयाच्या पाण्याचं भांडं रिकामं दिसेल त्यानं भरायचं. एकट्याला उचलत नसेल तर हातानं खूण करून दुसऱ्याला बोलवायचं, पण तेवढ्यासाठी मौन मोडायचं नाही. आणि दर पाच दिवसांनी रात्रभर बसून धम्मावर बोलायचं. तिकडे ज्या भांड्यावरून संघ फुटला, जवळजवळ तेच भांडं इथे कुणीतरी न बोलता भरून ठेवतंय. आमच्यातही चटया गोळा करणारे दोघं आहेत, घंटा वाजवणारी एक आहे आणि किल्ली सांभाळणारी एक. यांतलं कुणी आलं नाही तर ध्यान होतं, पण ओढगस्तीचं होतं. हा गट म्हणजे नक्की काय, असं विचारलं तर मी प्रवचनांच्या आधी या चौघांकडे बोट दाखवीन.

संयुत्तनिकाय या दुसऱ्या संग्रहात बुद्धाचा शिष्य आनंद मोठ्या उत्साहानं म्हणतो की कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या वाटेवर सोबत करणारे मित्र, असणं म्हणजे अर्धं ब्रह्मचर्यजीवन, अर्धं साधकाचं आयुष्य झालं. बुद्ध त्याला थांबवतो: असं म्हणू नकोस आनंदा, अर्धं नव्हे, ते सगळंच आहे. मला हे पूर्वी जरा जास्तच वाटायचं. मित्रांवर भिस्त ठेवायची तर स्वतः तासन् तास बसायचं कशाला? गुडघेवाल्या गृहस्थांनंतर मी हा वाद सोडून दिला आहे.

बुद्धघोषानं या भावनेची एक परीक्षाही सांगून ठेवली आहे. तुम्ही, तुमचा प्रिय माणूस, तटस्थ आणि वैरी असे चौघं बसलेले असताना दरोडेखोर येतात आणि बळी द्यायला एक जण मागतात. 'याला न्या' म्हणालात तर नापास. 'मला न्या' म्हणालात तरी नापास, कारण तिथेही एकाला वेगळं काढलंच. चौघांतला एकही द्यावासा वाटला नाही, तरच मधल्या भिंती पडल्या. आमची मजल सध्या खिडकीपर्यंत आली आहे: पहिला अर्धा तास उघडी, पुढचा बंद.

तटस्थाची जागा मात्र माझ्याकडे पुन्हा रिकामी होती. परवा एक नवीन मुलगा आला, सळसळ वाजणारं जाकीट घालून. अगदी दाराशी बसला, कुणाशी बोलला नाही. मी लगेच त्याला हेरून ठेवला. घंटा झाल्यावर सरळ माझ्याकडेच आला आणि म्हणाला, "काकू, चटया कुठे ठेवायच्या? आणि ते पाय सुन्न होतात त्याला काय करतात?"