मापाच्या वहीतली नाडी

मशीन टाका सोडायला लागली की मला आधी कानाला कळतं. चाक फिरत असतं, सुई खालीवर होत असते, पण मधेच एक टाका कपड्यात बसत नाही. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी, ऐन लग्नसराईत, छातीत अगदी तसं झालं. एक ठोका पडलाच नाही आणि पुढचा असा दणकून पडला की हातातलं अस्तर खाली गेलं.

मी परभणीची, वय ४८. घराच्या ओसरीतच ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम करते. त्या दिवशी पाणी पिऊन परत मशीनवर बसले. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच, आणि मग रात्रीही. तीनच्या सुमाराला जाग यायची. छातीतून गळ्यापर्यंत गरम वाफ चढायची, मानेखालची उशी घामानं ओली व्हायची आणि मागोमाग धडधड सुरू. कुणी मागे लागलंय म्हणून पळत आल्यासारखी. परभणीच्या मे महिन्यात ‘मला गरम होतंय’ हे सांगायची सोय नाही. कूलरसमोर लोळत हे म्हणाले, “सगळ्यायलाच होयलंय.”

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, “घरात काही टेन्शन?” मी म्हटलं, बावीस ब्लाउज पडलेत. त्यांना तेवढं पुरलं. ईसीजी काढला, तो चांगला आला. आता कळतं, तो दहाएक सेकंदांचा कारभार. आणि माझी धडधड दवाखान्याची पायरी चढली की गुपचूप बसायची. गॅसची गोळी आणि झोपेची गोळी घेऊन घरी आले. गॅसच्या गोळीनं काही फरक नाही. झोपेच्या गोळीनं एका गिऱ्हाइकाची उजवी बाही डाव्या मुंढ्याला लागली. परत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ती बंद झाली.

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आधी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मग संध्याकाळी शेंगा फोडता फोडता सहज म्हणाल्या, “पाळी जायलीय तुही. मलाबी व्हायचं असंच. राती उठून रांजणाला पाठ लावून बसायची मी. तुह्या सासऱ्याला वाटायचं, बाई याडी झाली.”

“किती दिवस चाललं, आत्या?”

“दोन उन्हाळे गेले.”

तेवीस वर्षं एका चुलीवर जेवलो आणि मला हे माहीतच नव्हतं. त्या रात्री मीही माठाला गाल लावून बसून पाहिलं. खरंच बरं वाटलं.

पण इथंच माझी चूक झाली. नाव सापडलं म्हटल्यावर मी सगळंच पाळी जाण्याच्या खात्यावर टाकलं. पाळी दोन-दोन महिने यायची नाही आणि आली की दहा-बारा दिवस अंगावरून भरपूर जायचं, गाठी पडायच्या. माडीवर कपडे वाळत घालायला चढले तरी दम लागायचा. तेही त्याच खात्यावर.

लेक लातूरला नर्सिंगला आहे. तिला फोनवर सांगितलं तर ती वैतागली. “आई, नाडी मोज आणि लिहून ठेव.” अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची. अंगठ्यानं मोजायची नाही, त्याची स्वतःची नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण ठोके सुटत असतील तर हिशेब फसतो. पूर्ण मिनिट मोजायचं. मी गिऱ्हाइकांच्या मापाची वही उलटी करून मागच्या पानापासून सुरुवात केली. तारीख, वेळ, नाडी, किती ठोके सुटले, काय करत होते, पाळी चालू की बंद.

तीन आठवड्यांनी ती वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. बाईच होत्या. त्यांनी पानं उलटली, मग माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, “लालीच नाही की हो!” हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बाईचं किमान १२ तरी पाहिजे. थायरॉईड ठीक, साखर ठीक, रक्तदाब ठीक, हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, तीही चांगली. राहिली होल्टर. चोवीस तास अंगावर यंत्र बांधून ठोकान् ठोका टिपायचा.

त्यासाठी नांदेडला गेले. छातीला चिकटपट्ट्या, त्यांना वायरी आणि कमरेला मोबाइलएवढं यंत्र. हे सगळं ब्लाउजच्या आत कसं मावणार म्हणून मी आदल्या रात्री एक पुढून उघडणारा, चार बोटं सैल, बिनअस्तराचा ब्लाउज शिवून नेला होता. पट्ट्या लावणारी मुलगी म्हणाली, “मावशी, असे दहा शिवून द्या आम्हाला.” तिनं बजावलं, आंघोळ नाही, पण बाकी रोजचं सगळं करायचं, निजून राहिलात तर यंत्राला काय दिसणार? म्हणून गाडीनं परत घरी आले. पूर्णा स्टेशनात गाडी उभी असताना धडधड झाली. डब्यात माणसांची रेटारेटी, आणि मी पिशवीतून वही काढून वेळ टिपतेय. समोरच्या आजी म्हणाल्या, “उधारी लिहायलीस का माय?”

घरी येऊन मशीन चालवली, दोन वेळा माडी चढले, रात्री तीनला ठरल्याप्रमाणे वाफ आली. दुसऱ्या दिवशी यंत्र परत.

अहवालात चोवीस तासांचे १,०८,००० च्या वर ठोके, त्यातले अकराशेच्या आसपास जादा. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं: ठोका सुटत नाही, तो वेळेआधीच पडतो. तो इतका हलका असतो की जाणवत नाही, मग जरा थांबा येतो, आणि पुढचा ठोका जास्त रक्त घेऊन जोरात पडतो. आपल्याला फक्त थांबा आणि दणका कळतो. इको चांगली असताना एवढ्या ठोक्यांना घाबरायचं नाही. त्या शोधत होत्या ते दुसरंच. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, नाडीला तालच राहत नाही, आत रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा. त्याला ए-फिब म्हणतात. ते माझ्यात नव्हतं.

वहीत दोन वेगळ्या धडधडी होत्या, हे त्यांनीच दाखवलं. रात्रीची वाफेबरोबर यायची आणि वाफेबरोबर जायची. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, खालीवर होतं, शरीराचं ऊन-थंडीचं माप बिघडतं, तेव्हा नाडी मिनिटाला दहा-पंधरानं वाढते. ती पाळी जाण्याची. दिवसाची, माडीवरची, मात्र रक्त कमी असल्याची. रक्तात प्राणवायू वाहायला माल कमी म्हणून हृदय खेपा वाढवतं. आणि रक्त कमी का, तर त्या दहा-बारा दिवसांमुळे.

मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी. गर्भपिशवीला एक छोटी गाठ होती. पंचेचाळिशीनंतर एवढं जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासतातच. तो चांगला आला. (‘अस्तर’ म्हटल्यावर त्या स्थितीतही मला हसू आलं.) रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या पाळीपुरत्या दिल्या. हार्मोनच्या गोळ्यांचाही विषय निघाला, फायदे-धोके सांगितले. मी सध्या थांबते म्हटलं.

खरी लढाई लोहाच्या गोळीची. शौचाला काळं होतं, तोंडाला खिळा चोखल्याची चव येते. आणि ती चहाबरोबर घ्यायची नाही, चहा लोह अडवतो. मी दिवसाला सहा कप पिणारी! लिंबूपाण्यावर गोळी आणि दोन तासांनी चहा, तोही दोनच कप. पहिल्या आठवड्यात डोकं इतकं दुखलं की घरात कुणी माझ्या वाटेला गेलं नाही. एक तंबी मात्र ठळक अक्षरात वहीत आहे: छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले, दम लागला किंवा धडधड थांबेचना, तर वही-बिही नाही, सरळ १०८.

साडेतीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६ झालं. माडी एका दमात चढते. रात्रीची वाफ अजून येते, आठवड्यातून दोनदा. माठाशेजारी आता पाट मांडलेलाच असतो, आत्यांनी मांडलाय.

परवा एक नवी गिऱ्हाईक माप द्यायला आली. मी टेप शोधेपर्यंत तिनं वही चाळली, ती नेमकी मागून.

“अगं बाई, ११२? हे कुणाचं माप म्हणायचं?”

“माझंच,” म्हटलं. “हात वर करा.”