शेअर फोल्डरवरची अ‍ॅक्सेस फाइल पुन्हा पुन्हा करप्ट होते : पाच शनिवारांची नोंद

पहिला शनिवार

जुन्या अ‍ॅक्सेस फाइली बऱ्या करणं हे माझं सुट्टीचं आवडतं काम. अ‍ॅक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम. या वेळची फाइल एका छोट्या ऑफिसची. नऊ जण शेअर फोल्डरवरून तीच एक फाइल थेट उघडतात. आठवड्यातून दोनदा ‘डेटाबेस विसंगत अवस्थेत आहे’ असा संदेश येतो, सगळ्यांना बाहेर पडायला सांगतात, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइल आटोपशीर करून दुरुस्त करणारी सोय) चालवतात आणि पुन्हा कामाला लागतात.

मी आधी फाइलची कॉपी घेतली आणि सगळे प्रयोग तिच्यावरच केले. ही सवय फार मोलाची आहे, कारण रिपेअरला जे वाचता येत नाही ते तो न विचारता टाकून देतो. इथे तसंच झालं होतं. ‘एमसिसकॉम्पॅक्टएरर्स’ हे रिपेअरमधल्या चुका नोंदवणारं टेबल आपोआप तयार होऊन पडलेलं, पण कुणी उघडून पाहिलेलं नाही. मुख्य टेबलची प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ठेवणारी खूण) उडालेली, तिच्यासोबत रिलेशनशिपही (टेबलांमधले दुवे) गेलेल्या. त्यानंतर डुप्लिकेट नोंदी बिनबोभाट शिरत होत्या.

दुसरा शनिवार

‘शेरा’ या कॉलममध्ये एका नोंदीत चिनी लिपीसारखी अक्षरं दिसली. लाँग टेक्स्ट, म्हणजे लांब मजकुराच्या कॉलममधला मोठा मजकूर नोंदीत राहत नाही. तो वेगळ्या पानांवर जातो आणि नोंदीत फक्त त्याचा पत्ता असतो. पान ४ केबीचं. पत्ता चुकला की भलतेच बाइट मजकूर म्हणून वाचले जातात.

अशीच आणखी एक नोंद होती, पण तिला हात लावला की क्वेरीच (डेटा मागवणारी आज्ञा) बंद पडायची. साडेसहा हजार नोंदी अर्ध्या-अर्ध्या करत गेलो. जो अर्धा भाग नव्या टेबलात जात नाही, दोष त्यात. तेराव्या क्वेरीत ती सापडली. ती एक सोडून बाकी सगळं नव्या फाइलमध्ये आलं, याचा आनंद मला रात्रभर पुरला.

तिसरा शनिवार

२०१८ मध्ये विंडोज १० ची १८०३ आवृत्ती आल्यावर हाच संदेश अनेकांना छळत होता. तेव्हा फाइल शेअरिंगमधलं लीजिंग (वापरणाऱ्याच्या संगणकाने फाइलचा मजकूर तात्पुरता स्वतःकडे ठेवणं) बंद करणं हा उपाय होता. म्हणून सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ‘डिसेबललीजिंग’ १ केलं. चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी पुन्हा तोच संदेश.

चौथा शनिवार

फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती कोण मोडतंय हे आधी शोधायला हवं होतं. लॉक फाइल (डेटाबेस कुणी उघडला हे नोंदवणारी शेजारची फाइल) नोटपॅडमध्ये उघडून उपयोग नाही. त्यात प्रत्येकाचे ६४ बाइट असतात, ३२ संगणकाच्या नावाचे आणि ३२ लॉगिनचे, पण माणूस बाहेर पडला तरी त्याचं नाव पुसलं जात नाही. खरी माहिती एडीओच्या (डेटाबेसशी बोलणारी मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) ‘ओपनस्कीमा’ या आज्ञेतून मिळणाऱ्या युजर रोस्टरमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांच्या यादीत, असते. तिथे चार कॉलम येतात: संगणक, लॉगिन, सध्या जोडलेला आहे का, आणि चौथा ‘सस्पेक्ट स्टेट’. कनेक्शन अर्धवट टाकून जो गेला त्याच्यासमोरच हा चौथा कॉलम भरतो.

एका संगणकावर कनेक्शन उघडं ठेवून दर पाच मिनिटांनी ही यादी टेक्स्ट फाइलमध्ये लिहायला लावली. आठवड्यात दोनदा चौथा कॉलम भरला आणि दोन्ही वेळा नाव एकच: वायफायवरचा लॅपटॉप. त्याचा वापरकर्ता फॉर्म उघडा ठेवून झाकण मिटायचा, मग लॅपटॉप झोपायचा. यात त्याचा काय दोष! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अ‍ॅक्सेसचं इंजिन सर्व्हरवर चालत नाही, प्रत्येकाच्या संगणकावर चालतं. सर्व्हर फक्त फाइल सांभाळणारं कपाट. लिहिता लिहिता एक संगणक गायब झाला की पान अर्धवट राहतं आणि त्याचा फटका नऊ जणांना बसतो.

पाचवा शनिवार

फाइल दोन फाइलींत विभागली. टेबलं बॅकएंडमध्ये शेअरवर, फॉर्म आणि क्वेरी फ्रंटएंडमध्ये, प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्र कॉपी. लॅपटॉपला केबल जोडली. फ्रंटएंडमध्ये एक लपलेला फॉर्म टाकला, जो २० मिनिटं हालचाल नसली की अ‍ॅक्सेस बंद करतो. शेअर फोल्डरवर सगळ्यांना डिलीटची परवानगी आहे ना, तेही तपासलं. ती नसेल तर शेवटचा माणूस गेल्यावरही लॉक फाइल तशीच पडून राहते.

डुप्लिकेट काढून प्रायमरी की परत बसवली. रोस्टरची नोंद अजून चालू ठेवली आहे. आज सकाळपर्यंत चौथा कॉलम रिकामा. सुटलेली ती एक नोंद ऑफिसातल्या कागदी रजिस्टरमध्ये सापडली, सोमवारी ती हाताने भरायची आहे.